उसना उजेड की स्वतःची कमाई?

वर्षअखेरीस वह्या मिळवताना जाणता मुनीम प्रथम एक गोष्ट पाहतो : जमा झालेली रक्कम पेढीची कमाई आहे, की कुणाची ठेव? रक्कम खरी असली, तरी चुकीच्या खाती पडली की सारा ताळेबंद फसवा ठरतो. अतिदूरच्या रेडिओ दीर्घिकांच्या प्रकाशाविषयी खगोलशास्त्रज्ञांपुढे असाच प्रश्न उभा राहिला होता.

या दीर्घिका रेडिओ लहरींत विलक्षण तेजस्वी असतात. केंद्रस्थानी प्रचंड कृष्णविवर असते आणि त्याच्या परिसरातून विरुद्ध दिशांना द्रव्याचे दोन झोत उसळतात. दूरच्या अशा दीर्घिकांचा दृश्य प्रकाशही या झोतांच्याच दिशेने लांबवर पसरलेला असतो, असे १९८७ मध्ये दोन संशोधक गटांनी दाखवून दिले. त्याचे दोन अर्थ निघत होते. झोतांच्या दाबाने वायू आकुंचन पावून तेथे नवे तारे जन्मत असावेत. अथवा केंद्रातील झाकलेले तेज सभोवारच्या धुळीवरून परावर्तित होऊन दिसत असावे. पहिली कमाई, दुसरी उसनवार.

केंब्रिजच्या चौथ्या रेडिओ सूचीतील ‘४सी ४१.१७’ या दीर्घिकेने या वादाला निर्णायक पुरावा दिला. तिची ताम्रसृती ३.८ आहे; म्हणजे तिच्या प्रकाशाची प्रत्येक तरंगलांबी ४.८ पट ताणली जाते. हायड्रोजनची १२१.६ नॅनोमीटरची अतिनील रेषा आपल्याला सुमारे ५८४ नॅनोमीटरवर, पिवळ्या रंगात दिसते. हा प्रकाश सुमारे १,२०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे.

रेडिओ दीर्घिकांच्या वर्णपटात कार्बनच्या आणि दोन्ही इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या उत्सर्जन रेषा ठळक आढळतात. हेलियमची अशी अवस्था करणे सामान्य ताऱ्यांना सहसा साधत नाही. म्हणून या रेषा मुख्यत्वे केंद्राच्या खाती जातात. पण रेषांच्या मधला मंद, सलग प्रकाश कोणाचा?

परावर्तित प्रकाशाला एक खूण असते, ती म्हणजे ध्रुवीकरण. अन्य अनेक दूरस्थ रेडिओ दीर्घिकांत ती स्पष्ट आढळली होती. तेथे उजेडाचा मोठा भाग उसनाच होता. १९९७ मध्ये अर्जुन डे व त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटावरील १० मीटर व्यासाच्या केक दुर्बिणीने घेतलेली निरीक्षणे प्रसिद्ध केली. ‘४सी ४१.१७’च्या सलग प्रकाशात ध्रुवीकरण आढळले नाही. उलट, उष्ण तरुण ताऱ्यांच्या वातावरणात उमटतात तशा शोषण रेषा मिळाल्या. हा प्रकाश प्रामुख्याने ताऱ्यांचा होता.

या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. कृष्णविवराचे झोत वायू तापवून वा हुसकावून ताऱ्यांचा जन्म रोखतात, असे अनेक ठिकाणी दिसते. येथे मात्र तेच झोत ताऱ्यांच्या जन्माला निमित्त ठरलेले दिसतात. आपल्या तुलनेने जवळ, एनजीसी ५४१ दीर्घिकेच्या झोताच्या वाटेवर, ‘मिंकोवस्कीचा पदार्थ’ म्हणून ओळखला जाणारा तरुण ताऱ्यांचा असाच एक समूह आहे.

दूरच्या रेडिओ दीर्घिका कमी वारंवारतेवर अधिक ठळक असतात, म्हणून त्यांचा शोध तेथे घेतला जातो. नारायणगावजवळील खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांच्या महादुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर केलेले आकाश-सर्वेक्षण या शोधात उपयोगी पडते. सापडणाऱ्या प्रत्येक दीर्घिकेची वही मात्र स्वतंत्रपणेच तपासावी लागते. एकीचा हिशेब दुसरीला लागू पडत नाही.