लोहारकाम

लोखंड किंवा पोलाद भट्टीत तापवून मऊ झाल्यावर ऐरणीवर ठोकून त्याला इच्छित आकार देण्याच्या, तसेच झिजलेली अवजारे पूर्ववत करण्याच्या व्यवसायास लोहारकाम म्हणतात. महाराष्ट्राच्या कृषिजीवनात या व्यवसायाचे महत्त्व नव्या वस्तू घडविण्यापेक्षा जुनी अवजारे वापरात ठेवण्यात अधिक होते.

प्राचीनता : नायकुंड (जि. नागपूर) येथील महापाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील लोखंड गाळण्याची भट्टी आढळली. माहुरझरी येथील शिळावर्तुळांत कुऱ्हाडी, खंजीर, घोड्यांचे लगाम इ. लोखंडी वस्तू मिळाल्या. दिल्लीतील मेहरौलीचा गुप्तकालीन लोहस्तंभ (उंची सु. 7 मी., वजन 6 टनांहून अधिक) हाही तप्त लोखंडाचे तुकडे ठोकून सांधून घडविलेला आहे.

तंत्र : भट्टी, भाता, ऐरण, हातोडा, घण, सांडशी व छिन्नी ही लोहाराची प्रमुख साधने होत. इंधन म्हणून लोणारी कोळसा वापरीत. तापमापकाच्या अभावी लोहार तापमान रंगावरून ओळखतो. सु. 700° से. तापमानास लोखंड मंद लाल, तर सु. 1,100° से. तापमानास पिवळे दिसते. हे भेद नीट दिसावेत म्हणून भट्टी सावलीच्या जागी असते. दोन तुकडे सांधताना ते पांढरट पिवळे होईपर्यंत तापवितात व पृष्ठभागावरील ऑक्साइड वितळून निघून जावे म्हणून त्यांवर वाळू किंवा टाकणखार टाकतात.

धारेला ‘पाणी देणे’ ही सर्वांत कौशल्याची क्रिया होय. लाल तापलेले पोलाद पाण्यात बुडविले असता कठीण, परंतु ठिसूळ होते. म्हणून केवळ टोक बुडवून मागील भागातील उष्णता त्याकडे येऊ देतात. घासून चकचकीत केलेल्या टोकावर क्रमाने फिकट पिवळा (सु. 220° से.), तपकिरी, जांभळा व निळा (सु. 300° से.) असे रंग उमटतात. अवजाराच्या उपयोगानुसार योग्य रंग येताच ते पुन्हा बुडवितात. थोडा विलंब झाला, तरी धार मऊ पडते.

ग्रामव्यवस्थेतील स्थान : लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक असून त्याला वर्षभराच्या कामाबद्दल सुगीच्या वेळी धान्य मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या गावगाडा (1915) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार विवेचन आहे. पेरणीपूर्वी नांगराचे फाळ, कुळवाच्या पासा, कुऱ्हाडी इ. ‘शेवटून’ घेण्यासाठी, म्हणजे झिजलेले टोक ठोकून पुन्हा तयार करून घेण्यासाठी, शेतकरी लोहाराकडे येत. बैलगाडीच्या चाकावर धाव चढविणे हे सुतार व लोहार यांचे संयुक्त काम असे. चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान केलेली लोखंडी धाव तापवून प्रसरण पावताच चाकावर बसवीत व लगेच पाणी ओतीत. ती आकुंचन पावून चाकाचे सर्व सांधे घट्ट आवळी. घिसाडी ही भटकी जमात गावोगाव हिंडून हेच काम करी व त्यांत घण मारण्याचे काम स्त्रियाही करीत.

सांस्कृतिक वारसा : खंडेनवमीस कारागीर हत्यारांची पूजा करतात. खरा हिरा ऐरणीवर घणाचे घाव सोसून टिकतो, हा दृष्टांत तुकारामांच्या अभंगात आहे. भालजी पेंढारकरांच्या साधी माणसं (1965) या चित्रपटाचा नायक लोहार आहे. ‘प्रश्न ऐरणीवर येणे’, ‘लोखंडाचे चणे खाणे’ हे वाक्प्रचार तर ज्यांनी ऐरण पाहिलेली नाही, तेही सहज वापरतात.

सद्यःस्थिती : विसाव्या शतकात कारखान्यांतील लोखंडी नांगर, नंतर ट्रॅक्टर, विद्युत् वितळजोडकाम व तयार अवजारे यांमुळे लोहाराचे काम घटले. काहींनी लोखंडी दारे, खिडक्या व शेतीयंत्रांची दुरुस्ती ही कामे स्वीकारली. केंद्र शासनाने 2023 मध्ये सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षण व कर्ज यांमुळे व्यवसायास आधार मिळू शकतो. तथापि रंग पाहून ताप ओळखण्याचे व पाणी देण्याचे ज्ञान मुख्यतः भट्टीजवळ बसून, पाहून व चुकून शिकले जाते. भट्टी विझल्यावर भाषेत ऐरण उरेल, परंतु तिच्यावरील हात पुन्हा घडविणे कठीण आहे.