सभागृहात दिलेला शब्द वावरापर्यंत कसा पोहोचतो

लेखमाला : विधानभवन ते वावर (लेखांक ५)

अधिवेशन आटोपून आमदार मतदारसंघात परतले की पंधरवडाभर बातम्यांचा ओघ असतो. अमुक रस्त्याला मंजुरी, तमुक पुलाचं भूमिपूजन, लक्षवेधी मांडली, मंत्र्यांनी सकारात्मक उत्तर दिलं. वर्षाअखेरीस गुळगुळीत कागदावरचा कार्यअहवालही घरोघरी पोहोचतो. यवतमाळ जिल्ह्याच्या सोळा तालुक्यांत अशा बातम्यांचा तुटवडा नाही. त्या वाचायच्या कशा, हा या लेखांकाचा विषय. आमदाराने काय आणलं, एवढंच पाहून भागत नाही. सभागृहात त्याने काय विचारलं, त्यावर कोणता शब्द मिळाला आणि पुढे त्या शब्दाचं काय झालं, इथवर वाचकाला जावं लागतं.

जिल्ह्याला विधानसभेच्या सात जागा आहेत. २०२४ च्या निवडणुकीत वणीतून संजय देरकर, राळेगावातून अशोक उईके, यवतमाळातून बाळासाहेब मांगुळकर, दिग्रसमधून संजय राठोड, आर्णीतून राजू तोडसाम, पुसदमधून इंद्रनील नाईक आणि उमरखेडमधून किसन वानखेडे निवडून आले. १५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला, तेव्हा राठोड, उईके आणि नाईक या तिघांनी शपथ घेतली. एकाच जिल्ह्याला दोन मंत्री आणि एक राज्यमंत्री मिळाल्याचा आनंद साहजिक होता. त्याची दुसरी बाजू मात्र फारशी बोलली गेली नाही. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा ही सगळी आयुधं मंत्रिपद नसलेल्या सदस्याच्या हाती असतात. त्यामुळे त्या घडीला सातपैकी चारच जागा प्रश्न विचारणाऱ्या उरल्या.

हा फरक कागदी नाही. २०१७ सालच्या कापसाने तो जिल्ह्याला दाखवून दिला.

त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती. हवेत दमटपणा, पिकावर किडींचा मारा, आणि दाट वावरात शिरून पाठीवरच्या पंपाने फवारणी करणारे मजूर आणि कास्तकार. जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणीतून विषबाधा झालेले शेकडो लोक दवाखान्यांत दाखल झाले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. मोनोक्रोटोफॉससारख्या जहाल औषधांच्या विक्रीवर बोट ठेवलं गेलं. विषबाधा किती खोल आहे हे सांगणारी कोलिनेस्टरेजची रक्ततपासणी जिल्ह्याच्या ठिकाणीच व्हायला हवी, हेही पुढे आलं. एवढा कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात ही सोय आधीपासून का नव्हती, हा प्रश्न माणसं दगावण्यापूर्वी सभागृहात यायला हवा होता.

विषबाधेच्या पाठोपाठ गुलाबी बोंडअळी आली. अळीने धरलेलं फूल नीट उमलत नाही, पाकळ्या गुंतून राहतात. त्याला कास्तकार डोमकळी म्हणतात. बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं, आतली सरकी मात्र पोखरलेली असते. वेचणीला हाती येतो तो कवडी कापूस. २००६ पासून बाजारात आलेलं दोन जनुकांचं बीटी बियाणं या अळीला रोखेल, अशा भरवशावर लोकांनी पैसे मोजले होते, आणि अळीने त्या जनुकांना दाद देणं थांबवलं होतं. जिल्ह्यात कापसाचा पेरा साडेचार लाख हेक्टरांच्या घरात असतो. नुकसान किती पसरलं असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

डिसेंबर २०१७ चं हिवाळी अधिवेशन नागपूरला भरलं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी विदर्भात होतं, आणि यवतमाळचा माणूस सरकारच्या सर्वांत जवळ असतो तो याच दिवसांत. त्या वेळी जिल्ह्यातल्या सात आमदारांपैकी पाच भाजपचे आणि एक शिवसेनेचा होता, म्हणजे सहा जण सत्तेच्या बाजूचे. विरोधी बाकावर जिल्ह्याचा एकच आमदार होता, पुसदचे मनोहर नाईक. साहजिकच बोंडअळीवर सरकारला धारेवर धरण्याचं काम मुख्यतः बाहेरच्या जिल्ह्यांतल्या विरोधी नेत्यांकडे गेलं.

सरकारने उत्तर दिलं, आणि ते ठोस आकड्यांचं होतं. तेव्हाचे कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर यांनी कोरडवाहू कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये आणि बागायती कापसाला ३७,५०० रुपये मदत जाहीर केली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत हेच आकडे मथळ्यात आले आणि गावोगावी तेच लोकांच्या तोंडी बसले. पण आकडा फोडून पाहिला की त्यात तीन वेगळ्या खिशांतले पैसे दिसतात. कोरडवाहूच्या ३०,८०० पैकी ६,८०० रुपये आपत्ती निवारण निधीच्या निकषांनुसार, ८,००० रुपये पीकविम्यातून आणि तब्बल १६,००० रुपये बियाणे कंपन्यांकडून यायचे होते. बागायतीत आपत्ती निधीचा वाटा १३,५०० होता, बाकी दोन्ही वाटे तेच.

म्हणजे जाहीर झालेल्या मदतीतला सर्वांत मोठा तुकडा सरकारच्या तिजोरीत नव्हताच. विमा त्यालाच मिळणार, ज्याने हप्ता भरला होता. आपत्ती निधीला नुकसान किमान ३३ टक्के असण्याची आणि दोन हेक्टरांच्या मर्यादेची अट होती. कंपन्यांचा वाटा तर स्वतंत्र कायद्याच्या वाटेने वसूल करायचा होता.

तो कायदा याच विधिमंडळाने केलेला आहे. कापूस बियाण्यांचा पुरवठा, विक्री आणि किंमत यांचं नियमन करणारा २००९ चा महाराष्ट्र अधिनियम. बियाणं दिलेल्या हमीप्रमाणे निघालं नाही तर भरपाई मागण्याची सोय त्यात आहे. त्यासाठी शेतकऱ्याने नमुना ‘जी’मध्ये कृषी खात्याकडे तक्रार द्यायची, मग पाहणी, अहवाल, सुनावणी. २०१७ च्या हिवाळ्यात ‘जी फॉर्म’ हा शब्द यवतमाळच्या खेड्याखेड्यांत पोहोचला तो असा. फॉर्मला बियाण्याची पावती लागत होती. जूनमध्ये कृषी केंद्रातून उधारीवर पाकिटं उचलणाऱ्या कितीतरी घरांत ती जपून ठेवलेली नव्हती. ज्याने बटईने वावर केलं, त्याच्या नावे सातबाराही नव्हता आणि पावतीही नव्हती.

फेब्रुवारी २०१८ मध्ये मदतीचा शासन निर्णय निघाला, त्यात ६,८०० आणि १३,५०० हे आपत्ती निधीचेच आकडे होते. कंपन्यांच्या वाट्याचा विषय सुनावण्या आणि दाद-फिर्यादीत अडकला. ३०,८०० हा आकडा ऐकलेल्या माणसाच्या खात्यात ६,८०० च्या हिशेबाने पैसे आले, तेव्हा आपली फसवणूक झाली असं त्याला वाटलं, आणि त्याला दोष देता येत नाही. घोषणा होत असतानाच सभागृहात एका आमदाराने उभं राहून ‘यातले राज्य सरकारचे किती, आणि उरलेले आले नाहीत तर ते कोण देणार’ एवढा उपप्रश्न लावून धरायला हवा होता. जिल्ह्याला मदत मिळवून देणं म्हणतात ते खरं इथे सुरू होतं.

सभागृहातला शब्द हवेत विरू नये म्हणून विधिमंडळाने एक यंत्रणा ठेवली आहे, तिचं नाव आश्वासन समिती. मंत्र्याने सभागृहात ‘चौकशी करू’, ‘मदत देऊ’, ‘तीन महिन्यांत निर्णय घेऊ’ असं म्हटलं की ते आश्वासन म्हणून नोंदवलं जातं, आणि त्याची पूर्तता झाली की नाही हे समिती खात्याला विचारू शकते. आमदारांच्या कार्यअहवालात या समितीचा उल्लेख क्वचितच दिसतो. मागच्या अधिवेशनातल्या आश्वासनांची सद्यःस्थिती एका पानावर छापली, तर मतदाराच्या दृष्टीने ते अहवालातलं सर्वांत मोलाचं पान ठरेल.

तारांकित प्रश्नाचीही गोष्ट अशीच. प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. अमुक गावी अमुक घडलं ‘हे खरे आहे काय’, असल्यास कोणती कार्यवाही केली, नसल्यास ‘विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरंही ठरावीक वळणाची. ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. वरवर कोरडा वाटणारा हा कागद सामान्य माणसाच्या फार कामाचा आहे. खात्याने तारखेनिशी, आकड्यानिशी दिलेलं उत्तर छापील स्वरूपात राहतं आणि पुढे तहसीलमध्ये, कोर्टात, पत्रकाराच्या हाती पुरावा म्हणून उभं राहतं. प्रश्न जितका नेमका, तितकी ‘अंशतः खरे’ म्हणून निसटण्याची जागा कमी. घाटंजी तालुक्यात मदत मिळाली का, असं विचारलं की उत्तर मोघम येतं. किती अर्ज आले, किती पात्र ठरले, किती नाकारले आणि कोणत्या कारणाने, असं विचारलं की खात्याला फायली उघडाव्या लागतात.

कार्यअहवालाची बरीच पानं व्यापतो तो स्थानिक विकास निधी. २०२२ च्या अर्थसंकल्पात तो आमदारामागे वर्षाला चार कोटींवरून पाच कोटी झाला. ही रक्कम आमदाराच्या हातात येत नाही. तो कामं सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी स्तरावर मिळते आणि बांधकाम सरकारी यंत्रणा करते. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, पोचरस्ता, शाळेची खोली ही कामं उपयोगाचीच आहेत. पण एका मतदारसंघात दीडशे-दोनशे गावं असली तर पाच कोटी किती पुरणार? आमदाराचं वजन या निधीपेक्षा राज्याच्या अर्थसंकल्पातल्या मागण्यांवर तो काय बोलतो, यावर जास्त ठरायला हवं.

रेल्वेचंही अहवालात हटकून नाव असतं. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचं भूमिपूजन फेब्रुवारी २००९ मध्ये झालं आणि त्यातला वर्धा–कळंब हा पहिला टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. मध्ये पंधरा वर्षं गेली. रेल्वे केंद्राची, म्हणून आमदाराचा संबंध नाही असं नाही. या मार्गाच्या खर्चात ४० टक्के वाटा राज्याचा आहे, आणि तो वेळेवर दिला गेला का, हे विचारायची जागा विधानसभाच आहे.

आमदाराच्या कामाची उंची किती असू शकते, हे या जिल्ह्याला बाहेरून शिकायची गरज नाही. गहुलीचे वसंतराव नाईक १९५२ मध्ये पुसदमधून पहिल्यांदा निवडून गेले, तेव्हा यवतमाळ मध्य प्रदेश राज्यात होतं. पुढे ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ एवढा सलग काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या विसापुरात करून पाहिलेली कामाची कल्पना नाईकांच्या सरकारने उचलली आणि १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर नेली. खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा संमत केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम देण्याची कायदेशीर हमी देशात पहिल्यांदा इथे मिळाली. २००६ मध्ये केंद्राची रोजगार हमी सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत यवतमाळ होताच. शेतातल्या प्रयोगापासून कायद्यापर्यंतचा हा प्रवास लोकप्रतिनिधींनी घडवला.

त्या मापाने पाहिलं तर आज विचारण्यासारखं बरंच पडून आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाची मदत २००५-०६ मध्ये ठरली, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार मासिक प्राप्ती योजनेत. महागाई कुठल्या कुठे गेली, तरी जवळपास दोन दशकं ही रक्कम जागची हलली नाही. मदत मिळणार की नाही हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. शेती कुटुंबाच्या नावे होती का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहून फायलीवर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ लिहिलं जातं. खासगीत हातउसने घेतलेल्या पैशाचा कागद कुठून आणणार? भूमिहीन बटईदाराची बायको या निकषात कुठे बसते? ‘अपात्र’ ठरलेल्या प्रकरणांची कारणनिहाय संख्या तालुकावार मागणारा एक तारांकित प्रश्न दर अधिवेशनात यावा, इतका हा विषय मोठा आहे.

सावकारीचंही तसंच. १९४६ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०१४ मध्ये महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आला. कर्जापोटी लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्यासाठी त्याच्या कलम १८ खाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, आणि मागच्या पंधरा वर्षांतल्या व्यवहारांची तपासणी होऊ शकते. बेकायदा सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा चांगला आहे. यवतमाळात त्याखाली किती अर्ज आले आणि किती एकर वावर मूळ मालकाला परत गेलं, हे सभागृहाच्या पटलावर नियमित यायला हवं.

हे प्रश्न मतदारही सुचवू शकतो. अधिवेशनाच्या तारखा आधी जाहीर होतात आणि प्रश्नांच्या सूचना सदस्यांना काही आठवडे अगोदर द्याव्या लागतात. म्हणजे नागपूरचं अधिवेशन डिसेंबरात असेल तर आमदाराला गाठण्याचे दिवस दिवाळीच्या आगेमागेचे. निवेदनात नुसतं ‘न्याय मिळावा’ असं न लिहिता अर्जाची तारीख, आवक क्रमांक, कार्यालयाचं नाव आणि अडलेली रक्कम लिहिली, तर आमदाराच्या स्वीय सहायकाला त्यातून प्रश्न तयार करणं सोपं जातं. ग्रामसभेचा ठराव जोडला तर आणखी बरं.

पुढच्या लेखांकात : जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या या बैठकीत यवतमाळचा वार्षिक आराखडा कसा ठरतो, आणि मार्चअखेरीला निधी खर्च करण्याची घाई का होते.