थंडीची पहाट, रक्तदाब आणि मेंदूतील रक्तस्राव
म्हैसूर शहर व परिसरातील कुटुंबांसाठी आरोग्य सूचना

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे. येथील हिवाळा कडक नसला तरी डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा गारवा चांगलाच जाणवतो. याच सुमारास अनेक ज्येष्ठ नागरिक कुक्करहळ्ळी तलावाकाठी फिरावयास किंवा चामुंडी टेकडीच्या पायऱ्या चढावयास निघतात. ही सवय उत्तम आहे. मात्र ज्यांना उच्च रक्तदाब आहे, त्यांनी ऋतू आणि वेळ यांचा आपल्या शरीरावर होणारा परिणाम समजून घेणे आवश्यक आहे.

असे का घडते?

मेंदूतील रक्तस्रावाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे दीर्घकाळ अनियंत्रित राहिलेला उच्च रक्तदाब. त्यामुळे मेंदूच्या खोल भागातील बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षे कमकुवत होत जातात आणि एखाद्या क्षणी दाब सहन न होऊन फुटतात.

रक्तदाब दिवसभर सारखा नसतो. झोपेत तो उतरतो आणि जाग येताच शरीरातील संप्रेरकांमुळे झपाट्याने चढतो. आदल्या सकाळी घेतलेल्या गोळीचा प्रभावही तोपर्यंत ओसरू लागलेला असतो. त्यामुळे सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळेत पक्षाघाताच्या घटना अधिक आढळतात. थंडीत त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब आणखी वाढतो. म्हणूनच मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण हिवाळ्यात अधिक दिसते. तथापि हा आजार कोणत्याही ऋतूत व कोणत्याही वेळी होऊ शकतो.

उन्हाळ्यातील आकड्यावर विसंबू नये

मार्च ते मे या काळात उष्म्यामुळे रक्तदाब काहीसा उतरतो. ‘आता बरे आहे’ असे समजून काही जण गोळी बंद करतात, तर काहींची मात्रा डॉक्टरांनीच कमी केलेली असते. थंडी सुरू झाल्यावर तोच रक्तदाब पुन्हा चढतो आणि बहुधा कोणतेही लक्षण दिसत नाही. यासाठी दसऱ्यानंतर एकदा व संक्रांतीपूर्वी एकदा रक्तदाब अवश्य तपासून घ्यावा. तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी आयुष्मान आरोग्य मंदिरात ही तपासणी होते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आपण काय करावे?

• गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यावी. मात्रा किंवा वेळ स्वतःहून बदलू नये.
• जाग आल्यावर एक-दोन मिनिटे अंथरुणात बसून मगच उठावे.
• थंडीत कान-डोके झाकून, ऊन पडल्यावर फिरावयास जावे. सुरुवात संथ चालीने करावी.
• शौचास जोर करावा लागत असल्यास बद्धकोष्ठतेवर उपचार घ्यावेत.
• मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा कमी असावे. लोणचे व पापडही त्यातच मोजावेत.
• तंबाखू व मद्य वर्ज्य करावे.

ही लक्षणे ओळखा

अचानक तीव्र डोकेदुखी, उलटी, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, तोल जाणे, शुद्ध हरपणे.

पहाटे अशी लक्षणे दिसली की ‘पित्त झाले असेल, थोडे झोपू द्या’ असे घरातील मंडळी म्हणतात. त्यात मोलाचा वेळ वाया जातो. त्वरित १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. रुग्णास कुशीवर झोपवावे. खाण्यापिण्यास काहीही देऊ नये. अ‍ॅस्पिरिनची गोळी तर मुळीच देऊ नये, कारण रक्तस्राव असल्यास ती घातक ठरते. मेंदूत गाठ अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे लक्षणांवरून नव्हे तर सीटी स्कॅनसारख्या तपासणीने कळते. त्यामुळे ही सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी आजच करून ठेवावी. रुग्ण शेवटचा ठणठणीत केव्हा दिसला होता, ती वेळ डॉक्टरांना सांगावी. उपचाराचा निर्णय पुष्कळदा त्या वेळेवर अवलंबून असतो.

ऋतू आपल्या हाती नाही, रक्तदाब मात्र बऱ्याच अंशी आहे. घरातील ज्येष्ठांचा रक्तदाब या आठवड्यातच तपासून घ्या.