प्रचालक दंड, मोटारगाडीचा

मोटारगाडीच्या दंतचक्र पेटीतून मिळणारी परिभ्रमी गती मागील आसावरील विभेदी दंतचक्राकडे नेणाऱ्या पोकळ पोलादी दंडास प्रचालक दंड म्हणतात. कर्मशाळांत तो ‘प्रोपेलर शाफ्ट’ किंवा नुसता ‘प्रोपेलर’ या नावाने ओळखला जातो. एंजिन पुढे व चालक चाके मागे अशी मांडणी असलेल्या जीप, बस, मालमोटार आणि बहुतेक छोट्या मालवाहू गाड्यांत तो असतो. पुढील चाके चालक असलेल्या गाड्यांत त्याऐवजी दोन आखूड अर्धदंड असतात. या दंडाचे सांधे व धारवे झिजले म्हणजे गाडीत कंपने उत्पन्न होतात. ही कंपने केवळ प्रवासातील गैरसोय नव्हेत. त्यांकडे दुर्लक्ष केल्यास सांधा तुटून दंडाचे पुढचे टोक रस्त्यावर पडण्याचा व गाडीवरील ताबा सुटण्याचा धोका असतो. कंपनांचे मूळ अचूक ओळखल्यास दुरुस्ती बहुधा अल्प खर्चात होते. न ओळखल्यास चांगले भाग बदलले जातात आणि दोष तसाच राहतो.

इतिहास : एकमेकांशी कोन करणाऱ्या दोन दंडांना जोडणाऱ्या सांध्याची कल्पना जेरोनिमो कार्दानो या सोळाव्या शतकातील इटालियन गणितज्ञांच्या नावाशी निगडित आहे. सतराव्या शतकात इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी अशा सांध्याचा उपयोग करून त्याच्या गतीचा अभ्यास केला. म्हणून त्याला हूक सांधा असेही म्हणतात. प्रारंभीच्या अनेक मोटारगाड्यांत चाके साखळीने फिरविली जात. लूई रनो यांनी १८९८ मध्ये आपल्या छोट्या गाडीत साखळीऐवजी दंड वापरला. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांनी सार्वत्रिक सांध्याचे एकस्व १९०३ मध्ये मिळविले व त्यानंतर दंडाचा प्रसार झपाट्याने झाला. महाराष्ट्रात मुंबईत जुळणी होऊ लागलेल्या जीप गाड्या आणि १९४८ मध्ये सुरू झालेली राज्य परिवहनाची बससेवा यांमुळे प्रचालक दंडाची निगा हा गावोगावच्या कारागिरांच्या कामाचा भाग बनला. मारुती ८०० (१९८३) पासून पुढील चाके चालक असलेल्या मोटारींचा प्रसार झाला, तरी ग्रामीण भागातील माल व प्रवासी वाहतूक आजही मोठ्या प्रमाणावर प्रचालक दंडावरच चालते.

रचना व कार्य : दंतचक्र पेटी सांगाड्याला जखडलेली असते, तर मागील आस कमानींवर वरखाली होतो. त्यामुळे दोहोंमधील कोन व अंतर सतत बदलते. कोनातील बदल सामावून घेण्यासाठी दंडाच्या प्रत्येक टोकास सार्वत्रिक सांधा आणि अंतरातील बदलासाठी खाचदार सरकता सांधा असतो. सार्वत्रिक सांध्यात दोन काटे एका चौफुलीने जोडलेले असतात. चौफुलीच्या चार टोकांवर टोप्या असून प्रत्येक टोपीत बारीक सुयांसारख्या रुळांचा धारवा असतो. कारागीर या चौफुलीला ‘क्रॉस’ म्हणतात. दंड फार लांब असल्यास विशिष्ट वेगाला तो धनुष्याप्रमाणे वाकून घुमू लागतो. हा क्रांतिक वेग लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून लांब गाड्यांत दंडाचे दोन तुकडे करून मध्ये रबरी आधाराचा मध्य धारवा बसवितात.

सार्वत्रिक सांध्याचा एक अंगभूत दोष असा की, चालक दंड एकसारख्या वेगाने फिरत असला तरी चलित दंडाचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो व दोनदा घटतो. सांध्याचा कोन १०° असल्यास हा फरक सु. १.५ टक्के, तर २०° असल्यास सु. ६ टक्के असतो. दंडाच्या दोन्ही टोकांचे काटे एका प्रतलात ठेवले व दोन्ही सांध्यांचे कोन समान राखले, तर पहिल्या सांध्याने निर्माण केलेला चढउतार दुसरा सांधा नाहीसा करतो. ही जुळणी बिघडली की नवे भाग घालूनही गाडी थरथरते.

कंपनांची कारणे : असंतुलन हे सर्वांत प्रमुख कारण होय. दंडावरील संतुलनाचे वजन गळून पडणे, दगड लागून नळीला पोचा येणे, चिखल किंवा डांबर चिकटणे, चौफुली झिजून दंडाचा मध्य ढळणे यांमुळे ते उद्‌भवते. असंतुलित प्रेरणा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मध्यापासून ४० मिमी. अंतरावरील १० ग्रॅ. जादा वजन मिनिटाला १,५०० फेऱ्यांस सु. १ किग्रॅ. वजनाइतका, तर ३,००० फेऱ्यांस सु. ४ किग्रॅ. वजनाइतका झटका प्रत्येक फेऱ्यात देते. मंद वेगाला न जाणवणारा दोष महामार्गावर एकाएकी प्रकट होतो, तो यामुळेच. दुसरे कारण सांध्यांच्या कोनांतील बदल हे होय. जादा माल वाहता यावा म्हणून कमानीत एखादा जादा पाटा घातला किंवा एंजिनाचे आधाररबर बसले, तर कोन बदलतात. याशिवाय सैल झालेले फ्लँजचे बोल्ट, झिजलेल्या खाचा व फाटलेला मध्य धारव्याचा रबर यांमुळेही कंपने होतात.

निदान : कंपनांच्या निदानाचे मुख्य साधन त्यांची वारंवारता हे आहे. एखाद्या गाडीच्या चाकाचा परीघ २.१ मी. आणि मागील आसाचे दंतचक्र गुणोत्तर ४.१ आहे असे मानल्यास, ताशी ६० किमी. वेगाला चाक सेकंदाला सु. ८ फेरे व प्रचालक दंड सु. ३२ फेरे करतो. म्हणून चाकाचा दोष सेकंदाला सु. ८ सावकाश हिसके देतो, दंडाचे असंतुलन सु. ३२ वेळा थरथर निर्माण करते, तर सांध्यांच्या कोनांचा दोष त्याच्या दुप्पट, म्हणजे सु. ६५ वेळा, गुणगुणल्यासारखा जाणवतो. पुढील चाकांचा दोष प्रामुख्याने सुकाणूचक्रात, तर दंडाचा दोष आसन व तळपत्रा यांत जाणवतो.

चाचणी मोकळ्या व सपाट रस्त्यावर घेतात. ज्या वेगाला कंपने येतात तो वेग कायम ठेवून दंतचक्र बदलतात. एंजिनाचे फेरे बदलूनही कंपने त्याच वेगाला राहिली, तर दोष एंजिनात व क्लचात नसून प्रचालक दंड, आस किंवा चाके यांत असतो. दंतचक्र मोकळे ठेवून गाडी क्षणभर वाहू देतात; तेव्हाही कंपने राहिल्यास हाच निष्कर्ष दृढ होतो. उतारावर किंवा घाटात ही चाचणी कदापि घेऊ नये. गाडी सुरू होताना किंवा पुढून मागे घेताना ‘टक्’ असा आवाज झाल्यास चौफुली वा खाचा झिजल्याचे समजतात. मंद वेगातील लयबद्ध चिवचिव कोरड्या पडलेल्या सुई धारव्याची निदर्शक असते. भरलेली गाडी निघताना थोडा वेळ हादरत असेल, तर मध्य धारवा प्रथम तपासावा.

त्यानंतर गाडी सपाट जागी उभी करून चाकांना पुढेमागे ठोकळे लावतात. काही जीप गाड्यांत हातब्रेक प्रचालक दंडावरच काम करतो. तो सोडताच गाडी घरंगळू शकते, म्हणून ठोकळ्यांवाचून दंडाखाली जाणे धोक्याचे असते. दंतचक्र मोकळे करून सांध्याचे दोन काटे दोन हातांनी विरुद्ध दिशांना पिळतात. हाताला जाणवणारी कोणतीही ढिलाई चौफुली बाद ठरविण्यास पुरेशी असते. टोपीच्या कडेला तांबूस भुकटी दिसल्यास आत पाणी जाऊन ग्रीज नाहीसे झाले आहे, हे निश्चित होय. दंडाचा वाक तबकडी मापकाने मोजतात.

किनारपट्टीवरील झीज : रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) चौल-रेवदंडा परिसर या झिजेचे बोलके उदाहरण आहे. प्राचीन बंदर म्हणून प्रसिद्ध असलेले चौल अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिकेच्या मुखाजवळ नारळी-पोफळीच्या वाड्यांत वसले आहे. खारी हवा, वर्षाला २०० सेंमी.हून अधिक पाऊस आणि पुळणीची वाळू यांचा येथील गाड्यांच्या तळभागावर एकत्रित परिणाम होतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की गरम धारवा एकदम थंड होतो, आतील हवा आकुंचन पावते आणि झिजलेल्या मुद्रेतून पाणी आत ओढले जाते. क्षारयुक्त ओलाव्याने सुयांवर गंज चढतो व चौफुलीच्या टोकांवर सुयांच्या आकाराचे चरे पडतात.

येथील झिजेचे स्वरूप रस्त्यांमुळेही ठरते. वाड्यांमधील रस्ते अरुंद व वळणांचे असल्याने गाडी सतत थांबत व निघत चालते. नारळ-सुपारीची पोती किंवा मासळीच्या पाट्या भरलेल्या छोट्या मालवाहू गाड्यांच्या सांध्यांना प्रत्येक वेळी निघताना जोराचा पीळ बसतो. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या यात्रेच्या वेळी प्रवासी गाड्यांचीही हीच स्थिती होते. अशा वाहतुकीत वेग फारसा वाढत नाही. त्यामुळे दंडाचे असंतुलन चालकाला गावात जाणवतच नाही. अलिबाग ओलांडून वडखळला मुंबई-गोवा महामार्ग लागला व वेग वाढला, की गाडी थरथरू लागते आणि दोष चाकांना किंवा रस्त्याला दिला जातो. वस्तुतः ‘टक्’ आवाजाच्या रूपाने दोषाची सूचना पुष्कळ आधी मिळालेली असते. म्हणून किनाऱ्यावरील चालकाने कंपनांची वाट न पाहता या आवाजाकडेच लक्ष देणे आवश्यक ठरते.

दुरुस्ती : दंड काढण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या फ्लँजवर आणि सरकत्या सांध्यावर जुळणीच्या खुणा कराव्या लागतात. खुणांवाचून काढलेला दंड एक खाच सरकवून बसविला गेल्यास काटे एका प्रतलात राहत नाहीत. अडकणकड्या काढून टोप्या दाबयंत्राने किंवा शेगड्यात धरून बाहेर काढतात. पोकळ नळीवर हातोडा मारू नये. लहानसा पोचाही तिचे संतुलन बिघडवितो. एकच टोपी झिजली असली तरी चारही टोप्यांसह पूर्ण चौफुली बदलतात. नवी टोपी बसविताना एखादी सुई आडवी पडल्यास सांधा घट्ट होतो. म्हणून जोडणीनंतर तो दोन्ही दिशांना हाताने सहज वळतो की नाही, हे पाहतात. काट्यातील टोपीचे छिद्र मोठे झाले असल्यास तेथे पत्रा घालून भागवू नये, काटाच बदलावा. नवी वेल्डिंग केलेला किंवा नळी बदललेला दंड संतुलन यंत्रावर तपासल्याशिवाय वापरू नये.

संतुलन यंत्र जवळ नसल्यास तात्पुरता उपाय म्हणून दंडाच्या मागील टोकाशी स्क्रूचे पाइप-आवळपट्टे बसवितात. पट्ट्याच्या स्क्रूचे डोके वजनाचे काम करते. परिघाचे चार भाग करून डोके क्रमाक्रमाने प्रत्येक भागात ठेवून गाडी चालवून पाहतात व ज्या स्थितीत कंपने सर्वांत कमी होतात तेथे ते पक्के करतात. मात्र झिजलेली चौफुली किंवा वाकलेली नळी तशीच ठेवून हा उपाय करणे म्हणजे धोक्याची सूचना दाबून टाकणे होय.

अर्धदंड असलेल्या गाड्यांत स्थिरवेगी सांधे असतात. पूर्ण वळणावर ‘कट्‌कट्’ आवाज आल्यास चाकाकडील, तर वेग वाढविताना थरथर झाल्यास आतील सांधा झिजलेला असतो. दोहोंच्या झिजेचे मूळ बहुधा फाटलेले रबरी आवरण असते. ते फाटताच बदलल्यास सांधा वाचतो. वाळू आत गेल्यावर मात्र संपूर्ण सांधा बदलावा लागतो.

निगा : निपल असलेल्या सांध्यांत चारही टोप्यांच्या मुद्रांतून नवे ग्रीज बाहेर दिसेपर्यंत ते भरावे. एका टोपीतून ग्रीज येत नसेल, तर तीच टोपी प्रथम कोरडी पडते. किनारपट्टीवर निर्मात्याने सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर, तसेच पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर ग्रीज भरणे हितावह असते. पुळणीवर किंवा खाऱ्या पाण्यात गेलेल्या गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा. निपल नसलेले बंदिस्त सांधे ढिले होताच बदलणे एवढाच उपाय असतो. अनेक बस व मालमोटारींत दंडाच्या पुढील टोकाखाली पोलादी सुरक्षा कडे बसविलेले असते. सांधा तुटला तरी ते दंडाला जमिनीवर पडू देत नाही. दुरुस्तीच्या वेळी अडचण होते म्हणून काढलेले हे कडे पुन्हा बसविण्यास विसरू नये.