दूरच्या हिमगोलांचा शोध : याने, सावल्या आणि हौशी निरीक्षक

सूर्यापासून दूर जाताना एका ठरावीक अंतरापुढे पाण्याची वाफ थेट गोठून तिचे बर्फकण होतात, आणि सूर्यमाला घडत असताना ही सीमा मंगळ व गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान होती, असे ग्रहविज्ञान मानते. या सीमेला हिमरेषा म्हणतात. तिच्या अलीकडे बुध, शुक्र, पृथ्वी व मंगळ हे खडक आणि धातूंचे गोल तयार झाले, तर पलीकडे ज्यांच्या घडणीत बर्फाचा वाटा मोठा आहे असे असंख्य गोल निर्माण झाले. गुरूचे युरोपा, गॅनिमीड व कॅलिस्टो, शनीचे टायटन व एन्सेलॅडस, नेपच्यूनचा ट्रायटन, तसेच नेपच्यूनच्या कक्षेपलीकडे पसरलेल्या कायपर पट्ट्यातील प्लुटो आणि त्याची भावंडे ही या कुळातील ठळक नावे होत. तेथील बर्फ केवळ पाण्याचा नसतो. प्लुटोच्या पृष्ठभागाचे तापमान उणे २३० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्यामुळे तेथे नायट्रोजन आणि मिथेनही गोठलेले आढळतात, आणि पाण्याचा बर्फ खडकासारखा टणक होऊन त्याचे डोंगर उभे राहतात.

या जगांविषयीचे ज्ञान अवकाशयानांनी मिळवून दिले, हा सर्वसाधारण समज खरा असला तरी अपुरा आहे. यान एखाद्या हिमगोलाजवळून काही तासांत निघून जाते आणि त्यानंतर वर्षानुवर्षे त्या गोलावर लक्ष ठेवण्याचे काम पृथ्वीवरील दुर्बिणींकडे येते. या कामात मोठ्या वेधशाळांच्या जोडीला लहान दुर्बिणी बाळगणाऱ्या हौशी निरीक्षकांनाही जागा आहे, आणि म्हणूनच पुण्यातील कर्वेनगरसारख्या दाट वस्तीच्या उपनगरात राहणाऱ्या नागरिकाचा या शोधाशी संबंध बातमी वाचण्यापुरताच मर्यादित राहण्याचे कारण नाही.

यानांची कामगिरी प्रथम पाहू. २० ऑगस्ट १९७७ रोजी निघालेले व्हॉयेजर-२ हे यान २४ जानेवारी १९८६ रोजी युरेनसजवळून आणि २५ ऑगस्ट १९८९ रोजी नेपच्यूनजवळून गेले, आणि आजवर या दोन ग्रहांना भेट देणारे ते एकमेव यान ठरले आहे. ट्रायटनच्या गोठलेल्या पृष्ठभागातून वायू व धूळ यांचे उंच फवारे उडताना व्हॉयेजरने टिपले, आणि इतक्या थंड गोलावरही हालचाल असू शकते, हे त्यामुळे प्रथमच लक्षात आले. पुढे २००४ ते २०१७ या काळात शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाला जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाच्या एन्सेलॅडसच्या दक्षिण ध्रुवावरील भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फकण बाहेर पडताना दिसले आणि बर्फाच्या कवचाखाली द्रवरूप पाण्याचा साठा असल्याचे पुरावे मिळाले. गुरूच्या बर्फाळ उपग्रहांच्या पोटातही असेच महासागर असावेत या अंदाजाच्या पडताळणीसाठी १४ एप्रिल २०२३ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे ‘ज्यूस’ आणि १४ ऑक्टोबर २०२४ रोजी नासाचे ‘युरोपा क्लिपर’ अशी दोन याने गुरूकडे निघाली असून ती अनुक्रमे २०३१ आणि २०३० मध्ये तेथे पोहोचणे अपेक्षित आहे.

१९ जानेवारी २००६ रोजी निघालेले न्यू होरायझन्स यान साडेनऊ वर्षांच्या प्रवासानंतर १४ जुलै २०१५ रोजी प्लुटोच्या पृष्ठभागापासून सुमारे १२,५०० किलोमीटरवरून गेले. सेकंदाला सुमारे १४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या या यानाला तेथे थांबणे शक्य नव्हते, कारण वेग कमी करण्यास लागणारे इंधन बरोबर नेले असते तर मुळात इतका वेग गाठताच आला नसता. त्याच्या क्षीण प्रक्षेपकाकडून येणारा संदेश प्रकाशवेगाने निघूनही पृथ्वीवर पोहोचण्यास साडेचार तास लागत, आणि त्या एका भेटीत साठवलेली सर्व माहिती उतरवून घेण्याचे काम ऑक्टोबर २०१६ पर्यंत चालू होते. तिच्यातून नायट्रोजनच्या बर्फाचे विस्तीर्ण मैदान, पाण्याच्या बर्फाचे पर्वत आणि निळसर धुक्याचे थर प्रकाशात आले. मात्र प्लुटोला सूर्याभोवती एक फेरी घालण्यास २४८ वर्षे लागतात, आणि इतक्या दीर्घ वर्षातील एका दिवसाच्या पाहणीवरून त्याच्या ऋतूंविषयी निष्कर्ष काढता येत नाही. येथे तारकापिधानाची पद्धत उपयोगी पडते.

एखादा ग्रह, उपग्रह किंवा लघुग्रह आपल्या मार्गात एखाद्या ताऱ्यासमोर येऊन त्याला क्षणभर झाकतो, या घटनेला पिधान म्हणतात. तारा अतिदूर असल्यामुळे त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात आणि झाकणाऱ्या गोलाची पृथ्वीवर पडणारी सावली त्या गोलाच्याच आकाराची असते. ही सावली सेकंदाला साधारण वीस-पंचवीस किलोमीटर वेगाने जमिनीवरून सरकते, म्हणून तारा किती काळ दिसेनासा झाला हे मोजले की त्या ठिकाणावरून गेलेल्या सावलीची लांबी मिळते, आणि वेगवेगळ्या गावांतील नोंदी एकत्र मांडल्या की गोलाची बाह्यरेषा आखता येते. सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी अचूक नोंद म्हणजे दोन-अडीच किलोमीटरची अचूकता, आणि अब्जावधी किलोमीटर दूर असलेल्या वस्तूबाबत एवढे बारीक मोजमाप जमिनीवरील कोणतीही दुर्बीण छायाचित्रावरून करू शकत नाही. शिवाय गोलाला वातावरण असेल तर तारा एकदम न विझता हळूहळू मंद होतो, आणि भोवती कडी असतील तर मुख्य पिधानाच्या आधी व नंतर तो क्षणभर लुकलुकतो.

या पद्धतीच्या इतिहासात भारताचे स्थान महत्त्वाचे आहे. ७ जून १९७२ रोजी गॅनिमीडने झाकलेल्या ताऱ्याचा वेध तमिळनाडूतील कावलूर आणि जावा बेटावरील लेम्बांग येथून घेण्यात आला, आणि त्यावरून गॅनिमीडभोवती विरळ वातावरण असावे असा निष्कर्ष मांडण्यात आला. १९७९ मध्ये व्हॉयेजर-१ ने केलेल्या मोजमापांवरून हे वातावरण त्या अंदाजापेक्षा कितीतरी विरळ असल्याचे दिसले, आणि जमिनीवरून मांडलेल्या अनुमानाला यानाने अशी दुरुस्ती केली. १० मार्च १९७७ रोजी याच्या उलट क्रम घडला. त्या दिवशी युरेनसने एका ताऱ्याचे पिधान करण्यापूर्वी आणि केल्यानंतर तो तारा अनेकदा क्षणभर मंदावला. हिंदी महासागरावर उडणाऱ्या विमानातील दुर्बिणीने ही घटना टिपली आणि कावलूरच्या एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीतूनही तिची नोंद झाली. तेथील खगोलशास्त्रज्ञ जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनी कावलूरच्या नोंदीचा अर्थ प्रथम नवा उपग्रह असा लावला असला तरी सर्व ठिकाणच्या वेळा जुळवल्यावर युरेनसला कडी असल्याचे सिद्ध झाले, आणि त्यांची जवळून छायाचित्रे व्हॉयेजर-२ ने नऊ वर्षांनंतर काढली.

प्लुटोबाबतही यान आणि जमिनीवरील वेध एकमेकांना असेच पूरक ठरत आहेत. त्याच्या वातावरणाची निःसंदिग्ध खात्री १९८८ च्या पिधानातून झाली. १९८९ मध्ये प्लुटो सूर्याच्या सर्वांत जवळ येऊन पुन्हा दूर जाऊ लागल्यामुळे हे वातावरण गोठून विरळ होईल असे वाटत असताना पुढील पिधानांतून त्याचा दाब वाढतच गेल्याचे दिसले. पुण्यात सूर्य माध्यान्ही डोक्यावर असला तरी उकाड्याची परिसीमा दोन-तीन तासांनी गाठली जाते, तसाच उशीर प्लुटोच्या नायट्रोजन-बर्फाला तापण्यास लागतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. ६ जून २०२० रोजी उत्तराखंडातील देवस्थळ येथील दुर्बिणींनी टिपलेल्या पिधानावरून प्लुटोवरील दाब पृथ्वीच्या समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे ऐंशी हजाराव्या भागाइतका असल्याचे आणि २०१५ पासून तो जवळपास स्थिर असल्याचे आढळले. न्यू होरायझन्सने पाहिलेल्या क्षणाची पुढची कथा अशा रीतीने भारताच्या भूमीवरून लिहिली गेली.

सावलीच्या मार्गावर अनेक माणसे उभी करण्याचे महत्त्व न्यू होरायझन्सच्या पुढील लक्ष्याने पटवून दिले. आरोकोथ या जेमतेम ३६ किलोमीटर लांबीच्या हिमखंडाची सावली १७ जुलै २०१७ रोजी अर्जेंटिनाच्या पातागोनिया प्रदेशावरून जाणार होती. तेथे २४ फिरत्या दुर्बिणी रांगेत उभ्या करण्यात आल्या, स्थानिक प्रशासनाने रस्त्यावरील दिवे मालवले आणि वाऱ्याला आडोसा म्हणून ट्रक उभे करण्यात आले. त्यांपैकी पाच दुर्बिणींनी पिधान टिपले, आणि हा गोल दोन भागांचा असावा हे दिसून आले. १ जानेवारी २०१९ रोजी यान तेथे पोहोचले तेव्हा ते खरे ठरले. एवढ्या आकाराची सावली पूर्व-पश्चिम दिशेने पुणे जिल्ह्यावरून गेली, तर कर्वेनगरात तारा विझेल आणि तेथून सुमारे ७० किलोमीटरवरील नारायणगावात तो अखंड चमकत राहील. म्हणूनच एका महाकाय दुर्बिणीपेक्षा गावोगावी विखुरलेल्या लहान दुर्बिणी येथे अधिक मोलाच्या ठरतात.

अशा विखुरलेल्या निरीक्षकांची परंपरा महाराष्ट्रात समृद्ध आहे. खगोलशास्त्रज्ञ कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात उभारलेली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा १९१२ मध्ये बंद होऊन तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. मात्र १९४४ मध्ये स्थापन झालेली आणि टिळक स्मारक मंदिरातून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था ही देशातील सर्वांत जुन्या हौशी खगोल संस्थांपैकी एक असून १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुका या खगोल संशोधन संस्थेने पुणे विद्यापीठाच्या आवारातून शाळकरी मुलांपर्यंत खगोलशास्त्र नेले आहे. मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणी येथील रात्रभराच्या आकाशदर्शनांतून हजारोंना तारे ओळखण्यास शिकवले.

कर्वेनगरच्या आकाशाची मर्यादा स्पष्ट आहे. महर्षी कर्वे यांनी १९०० मध्ये हिंगण्याच्या, म्हणजे आजच्या कर्वेनगरच्या, माळावर आपला आश्रम हलवला तेव्हा तेथे गडद अंधार असे, तर आज कोथरूड, वारजे आणि सिंहगड रस्त्याच्या दिव्यांमुळे क्षितिजाजवळचे आकाश उजळलेले असते. ताऱ्यांची तेजस्विता ‘प्रत’ या मोजपट्टीवर सांगतात, आणि प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद असतो. सुमारे १४.४ प्रतीचा प्लुटो पाहण्यास दहा-बारा इंची दुर्बीण आणि पानशेत-वेल्ह्याकडील अंधार लागतो, शिवाय सध्या तो सूर्याच्या विरुद्ध दिशेला येतो तो जुलैच्या सुमारास, म्हणजे ऐन पावसाळ्यात. मात्र सुमारे ५.७ प्रतीचा युरेनस कृत्तिकांच्या परिसरात असल्यामुळे हिवाळ्यात पुण्यात जवळजवळ डोक्यावर येतो आणि साध्या बायनॉक्युलरमधून ओळखता येतो, तर गुरूचे युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो हे तीन हिमगोल शहरी प्रकाशातही गच्चीवरून लहान दुर्बिणीतून दिसतात. दर सुमारे सहा वर्षांनी गुरूचे उपग्रह पृथ्वीवरून पाहताना एकमेकांना झाकतात किंवा एकमेकांच्या सावलीत जातात, आणि २०२६-२७ हा तसाच काळ आहे. या घटनांच्या अचूक वेळांवरून उपग्रहांच्या कक्षांची गणिते अधिक नेमकी होतात, आणि ज्या जगांकडे ज्यूस व क्लिपर निघाली आहेत त्यांच्याच संशोधनात ही भर पडते.

यासाठी सहा ते आठ इंची दुर्बीण, चित्रफीत घेणारा कॅमेरा, कृत्रिम उपग्रहांवरून मिळणारी अचूक वेळ आणि ठिकाणाचे नेमके अक्षांश-रेखांश पुरेसे आहेत. तारकापिधानाच्या वेळी तारा विझला नाही ही नोंदही तितकीच उपयोगी असते, कारण सावलीची कड कोठे होती हे तिच्यावरूनच कळते. म्हणून ज्यांच्या घरी दुर्बीण धूळ खात पडली आहे त्यांनी ती बाहेर काढावी, जवळच्या खगोल संस्थेशी नाते जोडावे आणि पावसाळा सरताच गुरूच्या उपग्रहांच्या वेळा नोंदवण्यापासून सुरुवात करावी.