बाटलीचे दूध पाजताना...

सकाळी सातच्या आत घर सोडणाऱ्या कितीतरी भगिनी आपल्या वस्त्यांत आहेत. कोणी धुणीभांडी करते, कोणी कारखान्यात जाते, कोणी कचेरीत. तान्हे मूल आजीच्या नाहीतर थोरल्या बहिणीच्या स्वाधीन होते आणि त्याच्याबरोबर दुधाची बाटलीही. ही बाटली वरून स्वच्छ दिसते. पण झाकणाच्या आट्यांत आणि निपलच्या टोकात दुधाचा अंश राहतो. तेथे जंतू वाढतात आणि मुलाला जुलाब लागतात.

पहिले ६ महिने बाळाला फक्त आईचेच दूध द्यावे, वरचे पाणीसुद्धा नको. पुढे वरच्या आहाराबरोबर २ वर्षांपर्यंत अंगावर पाजावे. कामावर जाणाऱ्या आईने हात स्वच्छ धुऊन दूध उकळलेल्या भांड्यात काढून झाकून ठेवावे. गार जागी ते ४ तास टिकते. ते वाटी-चमच्याने पाजावे, कारण वाटी घासायला सोपी असते. बाटल्यांच्या व बाळाच्या डब्याच्या दुधाच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती आईचे दूध मागे पडू नये म्हणूनच.

तरीही काही घरांत बाटलीवाचून इलाज नसतो. त्या आईला नावे ठेवण्यापेक्षा पुढील गोष्टी सांगाव्यात.

बाटलीची स्वच्छता :

१) बाळाचे पिऊन होताच बाटली, निपल व झाकण सुटे करून विसळावे. मग साबणाच्या गरम पाण्याने ब्रशने घासावे. हा ब्रश दुसऱ्या कामाला वापरू नये. निपल उलटे करून धुवावे व छिद्रातून पाणी पिळून काढावे.

२) सर्व भाग पाण्यात पूर्ण बुडवून, उकळी फुटल्यापासून १० मिनिटे उकळावेत. काचेची बाटली गार पाण्यातच ठेवून तापवावी, नाहीतर तडकते.

३) उकळल्यावर फडक्याने पुसू नये. हात धुऊन भाग बाहेर काढावेत, निथळू द्यावेत व झाकून ठेवावेत.

दूध तयार करताना :

डब्यातील पावडर पूर्णपणे जंतुमुक्त नसते. म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जाण्यापूर्वी वापरावे. आधी पाणी, मग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात सपाट मापाने पावडर घालावी. बाटली गार पाण्यात धरून दूध कोमट करावे व मनगटावर थेंब टाकून पाहावा. तयार दूध २ तासांत संपवावे. बाळाचे उष्टे दूध पुन्हा देऊ नये.

डबा महाग, म्हणून पाणी वाढवून तो महिनाभर पुरवतात. हिशेबात ही बचत दिसते. पण बाळाचे पोट भरूनही ते उपाशी राहते आणि वजन घटते. परवडत नसेल तर अंगणवाडीताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारावे.

बाटली उशीला टेकवून मुलाला एकटे सोडू नये, ठसका लागतो. निपलचे छिद्र सुईने मोठे करू नये. चिरलेले निपल टाकून द्यावे. आयएसआय शिक्का पाहूनच बाटली घ्यावी.

जुलाब लागलेच तर दूध बंद करू नये. जलसंजीवनीचे पाकीट सुरू करावे. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा मूल मलूल पडले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

हे सारे आईने एकटीने जाणून भागणार नाही. दिवसभर बाळाला सांभाळणाऱ्या आजीला, थोरल्या मुलीला आणि घरातल्या पुरुषांनाही बाटली उकळता आली पाहिजे.