बंद खोलीतली ऊब

15 फेब्रुवारी 2021. कडाक्याच्या हिमवादळात, मध्यरात्र उलटून गेल्यावर, अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या वीजजाळ्याची वारंवारिता 60 हर्ट्झवरून घसरू लागली. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की जनित्रांवर ताण येतो, ती मंदावतात आणि वारंवारिता उतरते. त्या रात्री ती 59.4 हर्ट्झच्या खाली 4 मिनिटे 23 सेकंद राहिली. 9 मिनिटे राहिली असती तर अनेक वीजकेंद्रे स्वतःच्या बचावासाठी आपोआप जाळ्यातून सुटली असती आणि जवळपास सगळे राज्य अंधारात गेले असते. ते टाळण्यासाठी घरांची वीज तोडावी लागली.

आपल्याकडे भारनियमन आळीपाळीने होते, वेळापत्रक छापून येते. तिथे तोडायचा भारच 20,000 मेगावॉटपर्यंत गेला. रुग्णालयांसारख्या अत्यावश्यक सेवांच्या वाहिन्या वगळल्यावर आळीपाळीला वावच उरला नाही. ज्यांची वीज गेली त्यांपैकी अनेकांची ती दोन-तीन दिवस आलीच नाही. त्याच सुमारास डॅलसमध्ये पारा उणे 19 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार या वादळात 246 माणसे गेली, त्यांतली बहुतेक गारठ्याने.

ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन या शहरांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. तिथली घरे बांधताना आपल्याकडच्यासारखाच उन्हाळ्याचा विचार आधी होतो. त्यांच्यासाठी, आणि थंड प्रदेशात मुलाबाळांकडे राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठीही, हिवाळ्यातल्या अंधाराचे शास्त्र समजून घेणे गरजेचे आहे.

पहिली गोष्ट अशी की, वीज गेल्यावर नवी उष्णता निर्माण करण्यापेक्षा असलेली राखणे सोपे आणि सुरक्षित असते. स्वस्थ बसलेला माणूस साधारण 100 वॉट उष्णता बाहेर टाकतो. चौघे एका खोलीत बसले की 400 वॉट. म्हणजे एक छोटा हीटरच. पण हीच चार माणसे चार खोल्यांत विखुरली तर ती ऊब कुणाच्याच कामी येत नाही. म्हणून घरातली सर्वांत लहान, कमी खिडक्यांची खोली आधीच ठरवून ठेवावी. खिडक्यांवर जाड चादरी लावाव्यात, दाराखालच्या फटीत टॉवेल गुंडाळून ठेवावा. लहान मुलांसाठी खोलीतच तंबू उभारला तर तापवायची हवा आणखी कमी होते. कपड्यांचेही तसेच. ऊब देते ती थरांमध्ये अडकलेली स्थिर हवा. जुन्या लुगड्यांच्या गोधडीची ऊबही त्यातलीच. एका जाड कोटापेक्षा तीन-चार सैलसर थर बरे, मात्र ते कोरडे हवेत. भिजलेल्या कापडात हवेची जागा पाणी घेते, आणि पाणी उष्णता हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने वाहून नेते.

इथपर्यंत सगळे सोपे आहे. धोका पुढे आहे, आणि तो याच बंदिस्तपणातून येतो.

खोली अशी बंद केली की तिच्यात काहीही जाळता येत नाही. कौलारू घरात, फटीफटींतून वारा खेळत असताना, शेगडी पेटवून बसणाऱ्या पिढ्यांचा अनुभव इथे लागू पडत नाही. कोळसा पुरेशा हवेअभावी जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असतो आणि शरीर मात्र गुदमरत असते. डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही लक्षणे थकवा समजून माणूस झोपायला जातो, आणि तिथेच घात होतो. टेक्सासमध्ये त्या आठवड्यात शेकडो लोक या विषबाधेने रुग्णालयात पोचले. कुणी घरात कोळशाची शेगडी पेटवली होती, कुणी गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवून बसले होते. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने होणारे मृत्यू आपल्याकडे दर हिवाळ्यात बातम्यांत येतात. त्यांतही बहुतेकदा हाच वायू असतो. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ही माझ्या मते तयारीतली पहिली खरेदी असायला हवी, जनरेटरच्याही आधी.

जनरेटर घेतलाच तर तो घराबाहेर, दारे-खिडक्यांपासून निदान 6 मीटर दूर ठेवावा. तो भिंतीतल्या सॉकेटला जोडू नये. तसे केल्यास वीज उलट वाहत रस्त्यावरच्या रोहित्रात शिरते, तिथे तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढतो, आणि तार मृत समजून दुरुस्तीला चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो.

खाण्याचे गणित त्या मानाने सौम्य आहे. न उघडलेला फ्रीज साधारण 4 तास अन्न सुरक्षित ठेवतो, गच्च भरलेला फ्रीझर 48 तास आणि अर्धा भरलेला 24. थंडीची सूचना मिळताच पाणी भरून ठेवावे, कारण वीज गेली की पाण्याचा दाबही जातो. त्या आठवड्यात टेक्सासमध्ये एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून पिण्याच्या सूचना होत्या.

राहिले नळ. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते, पण नळी बहुतेकदा बर्फाच्या जागी फुटत नाही. बर्फाचा बोळा आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब ती फोडतो. तोटी थेंब थेंब गळती ठेवली की तो दाब सुटतो, म्हणून हा उपाय शास्त्रीय आहे. टेक्सासमधल्या अनेक घरांत नळ्या माळ्यावरून गेलेल्या असतात, घराच्या सर्वांत थंड भागातून. त्या फुटल्याचे तेव्हा कळलेही नाही. वीज परत आली, घर तापले, बर्फ वितळला आणि मग छतातून पाणी कोसळले. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे हे थंडी येण्यापूर्वीच घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवावे. तो बंद करायची किल्ली लागत असेल तर तीही टॉर्चच्या शेजारीच ठेवावी.